आईकडूनही येऊ शकतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – ना माझ्या मार्गदर्शकांना, ना माझ्या आईला. आता सांगते आहे, आणि मनात पश्चात्तापापेक्षा संताप अधिक आहे. त्यातला बराचसा माझ्यावरच आहे. सगळा नाही.

न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी जनुकशास्त्रावर संशोधन करते. काही मुलं उशिरा बोलतात, उशिरा शिकतात. त्यांच्या जनुकांत नेमका कोणता बदल आहे आणि तो वाढत्या मेंदूला कसा नडतो, हे आम्ही शोधतो. तुलनेसाठी जगभर जी माहिती साठवलेली आहे, तिच्यात आपल्यासारखी माणसं फार थोडी. म्हणून भारतीय मुलाच्या अहवालावर वारंवार एकच शेरा येतो – 'अर्थ अनिश्चित'. तो शेरा मला पुसायचा होता. उदात्त वाटतं ना? होतंही. पण त्यावरच माझा शोधनिबंध उभा राहणार होता, आणि निबंधावर माझी पुढची नोकरी.

त्यासाठी कुटुंबं हवी होती. ती मिळवून दिली जवळच्याच पोरिरुआ शहरातल्या निखिलने. तो आयटीत, शिवाय तिथल्या मराठी मंडळाचा सचिव. त्याच्या शब्दाखातर लोक रक्त द्यायला तयार झाले. पहिलं कुटुंब त्याचंच. त्याचा मुलगा आरुष चार वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. आरुष, त्याची आई अश्विनी आणि निखिल – तिघांचे नमुने घेतले. निकाल स्वच्छ होता: आरुषमधला बदल निखिलकडून आला होता. आमच्या डॉक्टरांनी तो दोघांना समोर बसवून समजावला. मी शेजारीच होते.

मग गौरी आल्या. गौरीजेवणाला निखिल-अश्विनीने मला घरी बोलावलं. निखिलच्या आई पुण्याहून मुक्कामाला आल्या होत्या. पानं मांडली गेली, आणि पुरणपोळ्या वाढता वाढता त्यांनी विषय काढला.

"दिवस असताना हिनं नोकरी सोडली नाही. त्यात हिचा मामा तसलाच, अर्धवट. आमच्याकडे नाही बाई असलं काही! आता आमचा निखिल पाच वर्षांचा होईस्तोवर तोंडातून शब्द काढत नव्हता. पण बोलला तो थेट वाक्यंच!"

सगळे हसले. मी हसले नाही – मी मनात टिपून घेतलं. बदल एकच, वडिलांत सौम्य, मुलात तीव्र. स्वतःच्या अभिमानापायी त्या मला पुरावा देत होत्या, आणि दोष मात्र सुनेच्या माहेरावर ढकलत होत्या.

अश्विनी पोळीवर तूप वाढत होती. तिचा हात थांबला. "आई, माझं पटत नाही ना तुम्हाला? मग हिला विचारा. हिचं शिक्षणच त्यातलं आहे."

"सांग गं बाई तूच. कुणाकडून आलंय हे?"

मी निखिलकडे पाहिलं. तो ताटातल्या भाताकडे पाहत राहिला. बोलायला त्याला कुणी अडवलं होतं? आणि मला? गोपनीयतेचा नियम म्हणाल, तर ती पळवाट मी नंतर शोधली. 'निखिल सांगेल' एवढं म्हणता आलं असतं. गप्प राहता आलं असतं – तेसुद्धा अधिक प्रामाणिक ठरलं असतं. मी म्हणाले, "काकू, असा बदल आईकडूनही येऊ शकतो."

वाक्य खरं आहे. कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा. प्रश्न एका मुलाविषयी होता. उत्तर मी साऱ्या मानवजातीविषयी दिलं. एक शब्दही खोटा न बोलता असं खोटं बोलायला आमच्यासारखं शिक्षणच लागतं. आणि कशासाठी? मंडळातली आणखी काही कुटुंबं यायची होती. निखिल दुखावला असता तर ती आली नसती. एवढंच.

"बघ!" त्या सुनेला म्हणाल्या.

अश्विनीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग विचारलं, "अजून पोळी घेणार?"

मला संताप येतो तो त्या 'बघ'चा. ताटाआड लपलेल्या त्या शिकल्यासवरल्या मुलाचा. आणि पुढे एका संशोधन परिषदेच्या व्यासपीठावरच्या माझ्या ठाम आवाजाचा – कारण तिथे, अनोळखी लोकांसमोर, इंग्रजीत, नाव न घेता, मी निःशंकपणे सांगितलं की बदल वडिलांकडून आला आणि वडीलही उशिरा बोलले होते. टाळ्या पडल्या. सत्य मला येत नव्हतं असं नाही. फक्त जिथे त्याने कुणाचं ओझं उतरलं असतं, तिथे मी ते उच्चारलं नाही.

काही महिन्यांनी अश्विनीचा फोन आला. तुझ्या संशोधनातून आम्ही बाहेर पडतो आहोत, म्हणाली. तिच्या सासूबाई भारतात परतल्यावर मुद्दाम सांगलीला, तिच्या माहेरी गेल्या होत्या. 'हे तुमच्याकडचंच, तिथल्या शास्त्रज्ञ मुलीनं सांगितलंय,' असं त्यांनी दिवाणखान्यात बसून ऐकवलं. तिचे वडील निवृत्त शिक्षक. मुलीचा संसार बिघडू नये म्हणून त्यांनी ते मान्य केलं.

"बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले गं," ती म्हणाली. "माफी मागितली."

पलीकडे ती थांबली होती. मी बोलावं म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी विचारलं, आधी घेतलेले नमुने आम्ही ठेवले तर चालतील का?

"ठेव," ती म्हणाली.

मी ठेवले.