मावशीची सुकती आणि माझं मराठी

मंडळी, आत्ताच सिल्व्हर पार्कला घरी पोचलोय. पायांचे पार तुकडे पडलेत.

सकाळी बायकोबरोबर उत्तनला गेलो. डोंगराच्या कडेकडेने तीन तास चालून खाली उतरलो, तर खडकात समुद्राची गुहा. बाजूला एक कोळीण मावशी बोंबील वाळत घालत होती. तिला विचारलं, "आत जाऊ का?"

ती म्हणाली, "सुकती हाय तवर जावा."

मी बोंबलांकडे पाहिलं. हे सुकायला संध्याकाळ होणार, म्हणजे भरपूर वेळ आहे. आत बसून डबा खाल्ला आणि दमलेलो म्हणून जरा आडवे झालो.

जाग आली ती बुटात पाणी शिरल्यावर. एकमेकांचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून, गुडघे खरचटत बाहेर आलो. डबा आतच राहिला.

मावशी धावत आली. सुकती म्हणजे ओहोटी, असं तिने नीट समजावलं. हिंदीत.

बायको रिक्षात म्हणाली, "आपण मराठीच आहोत, हे सांगायचंस ना तिला."

कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही सांगितलं असतं?