ताट आल्यावर सुई

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सरावखोलीत पलंगावर पेशंट म्हणून एक रबरी बाहुली असते. तिचं बोलणं मी काचेआडून माईकवर बोलते. त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती: जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं. माझ्या यादीतल्या बारा पायऱ्या चांगल्या शाळांतून आलेल्या नऊ मुलींनी बिनचूक पार केल्या.

शेवटची अश्विनी. बारावीला जेमतेम पास, इंग्रजी पुस्तक अडखळत वाचणारी. आज नापास झाली असती तर तिचं वर्ष गेलं असतं. तिने सिरिंज भरली आणि थांबली.

"मावशी, ताट आलं का तुमचं?"

परीक्षा आटोपून मागे बसलेल्या मुली हसल्या. "अगं, बाहुली काय जेवणार आहे?"

बाहुलीसाठी लिहून ठेवलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. "नाही गं, अजून नाही," मी म्हणाले.

"मग आत्ता सुई नाही देणार. घरी आईला मीच देते. एकदा भाकरी व्हायच्या आधी दिली, तर घामाघूम होऊन चुलीपुढेच पडली ती."

वीस वर्षं मी मार्कांच्या याद्या करते. कोण कुठून आलं ते वाचलं, की कोण कुठवर जाईल याचा अंदाज मी आपोआप बांधते. घरच्या आजारपणात मूल काय शिकलं, हे मात्र मी कुणाला कधी विचारलेलं नाही.

यादीप्रमाणे अश्विनीने इंजेक्शन दिलंच नव्हतं. मी तिला पास केलं आणि बाहेर येऊन बाकीच्या नऊ जणींना म्हणाले, "तुमची पेशंट उपाशी होती. चला, पुन्हा रांगेत."