ओल्या कडुनिंबाचा दरवाजा

आज डोकं फिरलंय माझं, ऐकाच.

शहाण्णव साली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीवरचा कडुनिंब पाडला. करवतीच्या एका टोकाला ते, दुसऱ्याला मी. अंगणातच फळ्या चिरल्या. सुतार म्हणाला, "वर्षभर वाळू द्या." पण ताईचं लग्न पंधरा दिवसांवर! दादांनी ओल्या फळ्यांचाच दरवाजा करून घेतला. महिन्याभरात तो पिळला. तेव्हापासून खांदा मारल्याशिवाय बंद होत नाही.

आज नवा दरवाजा बसवायला सुतार आणला, तर दादा उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसले. "ह्याला हात लावायचा न्हाई!"

सुतारानं फळी ठोकून पाहिली. "काढू नका. लाकूड आता कुठं खरं वाळलंय. रंधा मारला की बसंल."

दादा माझ्याकडे वळले. "बघ. तुलाच लई घाई."

सांगा, कुणावर चिडू मी?