ड्रायव्हरच्या काचेतून

श्रीगोंद्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी नववीत होते. आधी त्याची पूजा झाली, नारळ फुटला, पडद्याच्या काचेला कुंकवाचं बोट लागलं. ते पुसायची कुणाची हिंमत झाली नाही. चपला बाहेर काढून आम्ही आत जायचो आणि लांबून हात जोडल्यासारखे उभे राहायचो.

शिकवायला नगरच्या सावेडीहून सर यायचे, त्यांना हे दर्शन पसंत नव्हतं. त्यांनी मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना समोर बसवलं. चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये एकेक चित्र काढून गोष्ट तयार करा, गॅदरिंगला पालकांना दाखवू, म्हणाले. गोष्टीतल्या माणसापुढे खरी अडचण हवी. आणि ती सोडवायला देव, पुढारी किंवा पोलीस आणायचा नाही.

अडचण मला शोधावी लागली नाही. संध्याकाळची एसटी शाळेच्या फाट्यावर थांबतच नसे आणि पुढची गाडी येईपर्यंत अंधार पडायचा. माझे वडील, आण्णा, साखर कारखान्यात कामाला होते. गावच्या थांब्यावर ते सायकल घेऊन उभे असायचे. एकदा घरी पोचल्यावर म्हणाले, "आनखी एकदा दिवं लागल्यावर आलीस तर शाळा बंद. मी दोनदा सांगनार न्हाई."

गाडी थांबत नाही, म्हणून शाळा माझी बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आण्णा बोलले की करून दाखवायचे.

आमच्या पहिल्या गोष्टीत आमदारांची जीप आली आणि त्यांनी ड्रायव्हरला झापलं. सरांनी जीप पुसून टाकली. दुसऱ्या गोष्टीत आम्ही सगळ्या रस्त्यात आडव्या बसलो. "आणि परीक्षेच्या दिवशी काय करणार?" सरांनी विचारलं. मी मनात चरफडले. सर स्वतः स्कूटरवर यायचे, त्यांना देव न आणता पोचता येत होतं.

मग त्यांनी आमची चित्रं पुन्हा पाहिली. सगळ्या चित्रांत एसटीची मागची बाजूच होती, धूळ उडवत निघालेली. "एक चित्र ड्रायव्हरच्या सीटवरून काढा," ते म्हणाले.

आमच्यातली एक मैत्रीण बऱ्यापैकी चित्रं काढायची. तिने माउस घेतला. समोरची काच काढली, रस्ता काढला, फाटा काढला आणि फाट्यावर पोरं काढायला लागली.

"किती काढू?"

"हायेत तेवढी काढ की."

काढता काढता फाटा भरून गेला. तीन वाटांची पोरं तिथं एकत्र उभी राहायची. आमच्या गाडीला जाणारी त्यातली मूठभरच, पण चित्रात ती कोणती ते कळत नव्हतं. एवढी जत्रा बघून मी ड्रायव्हर असते तर मीही थांबले नसते.

मग गोष्टीत आणि खऱ्या फाट्यावरही ठरलं असं, की आपल्या गाडीला जाणाऱ्यांनीच पुढे लिंबाखाली रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी चहाच्या हॉटेलमागे थांबायचं. दुसऱ्या वाटांचे मुलगे तयार होईनात. "आमी काय म्हनून लपायचं?" शेवटी त्यांच्या गाडीच्या वेळी आम्ही लपायचं कबूल केलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

पहिल्या दिवशी मी देव पाण्यात घालूनच उभी होते. सरांची बंदी गोष्टीपुरती होती. एसटी जरा पुढे जाऊन थांबली. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. "आज इतकीच? बाकीची कुटं गेली?"

"इतकीच हाये आमी," म्हणत मी चढले.

गच्च भरलेली असेल त्या दिवशी गाडी तशीच निघून जायची. पण बहुतेक दिवशी थांबायला लागली आणि आण्णांनी शाळेचा विषय परत काढला नाही.

गॅदरिंगला पालक रांगेने कॉम्प्युटरपाशी येत होते. आण्णाही चपला काढून आत आले. शेवटचं चित्र मी काढलं होतं. मुलगी एसटीतून उतरते आहे आणि बाप सायकल धरून उभा आहे. बापाच्या भुवया मी चांगल्या जाड आणि तिरक्या काढल्या होत्या.

आण्णा वाकून बघत राहिले. "ह्यो मीच का?"

"व्हय."

"लई रागात दिसतोय."

मी पडद्यावरच्या भुवयांकडे बघितलं.

"राग न्हवता गं," ते हळू आवाजात म्हणाले. "गाडी यायची, मानसं उतरायची, तू न्हाई. मंग दुसरी येईस्तवर मी त्या वाटंकडंच डोळं लावून उभा."

इतके दिवस त्या थांब्यावर मी फक्त स्वतःलाच बघत आले होते.

"पुसता येतं का ह्ये?" त्यांनी विचारलं.

सरांनी खुर्ची दिली. मागे रांग खोळंबली होती, तरी मी बसले आणि भुवया पुसल्या. त्यांच्या जागी दोन मोठे डोळे काढले, गाडी येते त्या बाजूला लागलेले.