आधी काटा हुडका

रविवारी सकाळी सहाला शिवाजी पेठेतल्या चौकात आम्ही सहा-सात सायकलवाले जमायचो. कांबळेबाई आल्या की कुणाला नमस्कार करत नसत. आधी प्रत्येकाची दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघत. हवा कमी लागली, तर दात न घासता आलेल्या पोराकडे बघावं तसं त्या माणसाकडे बघत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "पाटील, चाकात हवा हाय, का नुसती आशा हाय?"

महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली होती. निवृत्तीनंतरही हजेरी घ्यावी तशा आम्हाला आडनावानं हाका मारत. आमच्या सायकली गिअरच्या, त्यांची जुनी बिनगिअरची लेडीज सायकल. जोतिबाचा चढ लागला की खुशाल उतरून चालत. "चालत आलं तर डोंगर काय हाकलून देतोय व्हय?" वर पोचल्यावर आम्ही देवळात जायचो, त्या चहाच्या गाड्यापाशी थांबायच्या. "तुमी देवाचं बघा, मी चहाचं बघतो."

वाटेत कुणाचं चाक बसलं, की बाईंचा तास सुरू. हँडलच्या पिशवीतून पंप, पॉलिश पेपर, सोल्युशन आणि जुन्या दोन चमच्यांच्या दांड्या निघत. त्या दांड्यांनी टायर उचकटायचा, ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवायची, वारा लागेल तिथं भोक. आपण पॅच लावून मोकळं व्हायला बघत असू, तर हातावर चापट बसे. "रडती ट्यूब, पर चावणारा टायरात बसल्याला असतोय. आधी काटा हुडका." मग टायरच्या आतून बोट फिरवत, सावकाश, पूर्ण वेढा. काटा निघाल्याशिवाय ट्यूब आत जायची नाही.

पुढं साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली. ते आम्हाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

आता मला सांगायचं आहे ते सांगतो. त्या रविवारी जोतिबाच्या पायथ्याशी बाईंचं मागचं चाक बसलं. बाकीचे पुढे गेले, मी त्यांच्याजवळ थांबलो. पण माझं मन वर होतं. आज पहिल्यांदा पाय न टेकता चढ पार करायचा, वर सगळ्यांबरोबर फोटो काढायचा, असं मी आठवडाभर घोकत होतो. बाईंनी पॅच लावला आणि टायर माझ्यापुढे धरला.

"माझ्या बोटांस्नी आता कळंना झालंय. तू फिरीव."

मी अर्ध्या टायरातून बोट फिरवलं आणि म्हणालो, "काही नाही, बाई."

"सगळं बघितलंस?"

"सगळं."

मी पाय न टेकता वर पोचलो. फोटो काढला. बाई आल्याच नाहीत. तासाभरानं त्यांचा फोन आला. "पॅच सुटला गा. दुधाच्या टेंपोनं घरला आलो."

पुढच्या रविवारी त्या चौकात आल्या नाहीत. मी घरी गेलो, तर सायकल बसलेल्या चाकानं जिन्याखाली उभी. बाई स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "तीस-चाळीस वर्षांत माझा पॅच सुटला न्हवता. हात गेला माझा. आता बास." मी चहा प्यालो आणि गप्प घरी आलो. असा आठ महिने गप्प होतो. दर खेपेला सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

शेवटी एकदा उंबऱ्यातच उभा राहून बोललो, "बाई, मी अर्धाच टायर बघितला होता."

चाकात हवा कमी लागल्यावर बघत, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आठ म्हैनं मी माझ्या हातास्नी शिव्या घालत बसलो, आन तू हितं बसून चहा पीत हुतास?"

"हो."

"भाईर चल. उठाबशा काढ. धा."

अठ्ठेचाळीस वर्षांचा मी, भर गल्लीत कान धरून उठाबशा काढल्या. बाई मोठ्यानं मोजत होत्या. शेजारीण दारात येऊन हसत होती. सातव्याला गुडघा वाजला, तर म्हणाल्या, "वाजू दे. म्होरं."

मग जिन्याखालची सायकल काढली. टायर उघडला. बाभळीचा काटा होता, न बघितलेल्या अर्ध्यात. पॅच जागेवर घट्ट होता. काटा त्याच्यातूनच आरपार गेला होता. बाईंनी तो पॅच नखानं उचकटून बघितला. निघेना. तेव्हा कुठं त्या हसल्या.

त्यानंतर बाई मोजकेच रविवार आल्या. तब्येतच राहिली नव्हती. त्यातही जोतिबा नाही, नुसता कळंबा तलाव. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. ते आठ महिने मी कुठून आणून देणार होतो?

पण कळंब्याच्या वाटेवरची एक सकाळ माझ्याजवळ आहे. त्यांचं चाक पुन्हा बसलं होतं. सगळे भोवती उभे. मला वाटलं, आता त्या दुसऱ्या कुणाला तरी सांगतील. त्यांनी पॅच लावला, टायर उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"पाटील, फिरीव."

मी तीन वेढे फिरवले. "काही नाही, बाई."

त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. "हं," म्हणाल्या आणि ट्यूब आत बसवायला घेतली.