साखरपुड्याच्या दिवशीची सौरज्वाला

आमच्या चारुवहिनीचा गेले चार महिने अपर्णावर राग आहे, आणि थोडा माझ्यावरही.

चारुलता ही माझ्या थोरल्या भावाची बायको. राहते चिक्कडपल्लीत, नोकरी एका संशोधन संस्थेत. तिथली उपग्रहावरची दुर्बीण बारीक फटीतून सूर्याचा प्रकाश घेऊन त्याचा वर्णपट काढते. फटीत सूर्याची जेमतेम एक रेघ मावते. ती फट कुठं रोखायची हे ड्यूटीवाल्यानं आदल्या दिवशी ठरवायचं. ज्वाला दुसरीकडेच उसळली तर हात चोळत बसायचं. वहिनीची निम्मी नोकरी अशीच गेली.

माझ्या रितेशचा साखरपुडा नामपल्लीला होता. मामी हवीच, असा हट्ट मीच धरला. तिनं ड्यूटी अपर्णाला दिली. अपर्णा तिच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. आणि नेमकी त्याच दिवशी सूर्याच्या कडेला ज्वाला उसळली. तापलेल्या प्लाझ्माचा लोळ बाहेर फेकला गेला आणि त्याच्या पुढं धावणारी आघातलहर बरोबर फटीवरून गेली. वर्णपटातल्या रेषा सरकल्या, रुंदावल्या. संस्थेत असं आजवर कुणाला सापडलं नव्हतं.

संस्थेत पेढे वाटले. वहिनीनं घेतला नाही, शुगर आहे म्हणाली. तिला कसली शुगर! ड्यूटी माझी होती, हे तिनं नारायणगुड्याच्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवलं. शोधनिबंधावर पहिलं नाव आपलंच हवं, असं साहेबांना सांगून आली. मी भेटले की साखरपुड्याचा उद्धार ठरलेला. जळत होती ती, उगाच गोड शब्द कशाला शोधू?

साहेबांनी नावाचा निर्णय अपर्णावर सोडला. ती वहिनीच्या घरी आली तेव्हा मी तिथंच होते. वाटलं, आता जुंपणार. पण पोरगी शांतपणे म्हणाली, "हौ ताई, पहिलं नाव तुमचं टाकते. फक्त एक सांगा. त्या दिवशी तुम्ही असता तर फट कुठं ठेवली असती?"

ड्यूटी देताना वहिनीनंच बजावलं होतं, की सूर्यावरच्या मधल्या मोठ्या डागावर ठेव, कडेचा बारका डाग काही करणार नाही. अपर्णानं ते मानलं नव्हतं, फट कडेच्या डागावरच रोखली होती.

"मोठ्या डागावर," वहिनी म्हणाली. "तुझंच नाव टाक."

हेवा गेला असं मात्र समजू नका, तो दुप्पट झालाय. आधी ती अपर्णाच्या नशिबावर जळायची. नशीब एखाद्या दिवशी आपल्याकडंही येईल, अशी आशा तरी असायची. आता ती तिच्या नजरेवर जळते, आणि तिथं तिला तेवढीही आशा नाही.