हळदीचे हात आणि भाजी-पावाचं लायसन

भाजी-पावाच्या गाड्याचं लायसन पाहिजे तर जी रांधते तिची डॉक्टराकडून तपासणी, असं ऑफिसात सांगितलं आणि मी घाबरले. गाड्याच्या भरवशावर घोवाने, माझ्या नवऱ्याने, कारखान्यातली नोकरी सोडलेली. मी आठवीत शाळा सोडलेली, डॉक्टर काय विचारील आणि मला काय येईल ही एक भीती. दुसरी हातांची. आमच्या कोरगावात तेव्हा घरोघरी ओल्या काजूबिया सोलणं चाललेलं, चीक लागून माझ्या बोटांची काळी काळी सालपटं निघत होती, आणि कातडीचा रोग असला तर लायसन नाही.

सासू म्हणाली त्यात काय, हळद-खोबरेल लावते, दिसायचं पण नाही. कोपरापर्यंत लावली तिने. खरंच काळं दिसेना. माझ्या वर्षाच्या भुरग्याला कडेवर घेतलं आणि आम्ही दोघी पेडण्याच्या बसमध्ये चढलो.

डॉक्टर तरुण, बाहेरगावचा. हात उलटेसुलटे करून बघितले. डोळे ओढून बघितले, जीभ काढायला लावली, पोट दाबलं, लघवी पिवळी होते का विचारलं. मी एवढी घाबरलेली की हो म्हणाले. कावीळ वाटते म्हणाला, रक्त तपासा, तोवर सर्टिफिकेट नाही. तेवढ्यात त्याला भुरगा दिसला, गाल पिवळे, मांड्या पिवळ्या. मग सासूचे हात दिसले.

"घरात सगळ्यांनाच आहे?"

"रोग नाही रे पुता, हळद आहे," सासू म्हणाली. "हिची सालपटं तुला दिसू नयेत म्हणून मीच लावली."

मला वाटलं आता संपलंच. नर्स तोंडाला पदर लावून हसत होती, तिनेच साबण देऊन नळावर पाठवलं. परत येऊन मी काजूचं सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बिया सोडा, नवी कातडी आली की या. आणि हळद भाजीत घाला.

मग सगळ्या बिया सासूनेच सोलल्या, मी नव्या नवरीसारखी हात सांभाळत बसले, आणि सर्टिफिकेट मिळालं.

आता गाडा रस्त्याला लागतो. सासूची बोटं सालपटलेली, म्हणून तिला मी पावाला हात लावू देत नाही. ती बाकावर बसून गिऱ्हाइकांशी बोलते. सुरुवातच अशी करते, "हिला डॉक्टराने कावीळ सांगितलेली." गिऱ्हाईक हातातला पाव खाली ठेवतं, आणि मी भाजी ढवळता ढवळता ओरडते, "मांय, पुढचं पण सांग गो लवकर."